सगळे एकाच वेळी

ब्रिटनमध्ये 1957च्या फेब्रुवारीपर्यंत संध्याकाळी सहा ते सात या वेळात दूरचित्रवाणी बंद असे. यंत्रात बिघाड नसे, की वीजही गेलेली नसे. लहान मुलांना बिनबोभाट झोपवता यावं म्हणून आईबापांसाठी केलेली ती सोय होती. दिवसभरात एकूण किती तास प्रक्षेपण करायचं हेही सरकारच ठरवी, आणि तो अधिकार पोस्टमास्तर जनरलकडे होता. टपालखात्याच्या मंत्र्यानं देशातल्या पोरांची झोपायची वेळ सांभाळावी, यात बऱ्याच लोकांना काही वावगं वाटत नव्हतं.

तासांची ही मर्यादा 1972च्या जानेवारीत उठली. तोवर दिवसाउजेडी टीव्ही लावला तर बहुतेक वेळ पडद्यावर एक स्थिर चित्र आणि मागे संगीत, एवढंच मिळे. पण काही कार्यक्रमांना या मोजमापातून सूट होती. त्यांत धार्मिक कार्यक्रम होते, वेल्श भाषेतले होते आणि शाळांसाठीचे होते. त्यामुळे शालेय कार्यक्रम हे ब्रिटिश टीव्हीच्या रिकाम्या दुपारीतलं जवळजवळ एकुलतं एक वस्तीचं ठिकाण ठरलं. लंडनच्या असोसिएटेड रीडिफ्यूजन या खासगी कंपनीनं मे 1957मध्ये ते सुरू केले आणि बीबीसी सप्टेंबरमध्ये मागोमाग आली. बीबीसीचं शालेय रेडिओ प्रसारण 1924पासून चालू होतं, तरी या शर्यतीत तिला व्यापारी कंपनीनं चार महिन्यांनी मागे टाकलं. व्यापारी वाहिनीला तेव्हा आपण फक्त जाहिरातींसाठी नाही हे दाखवून द्यायची निकड होती. चांगली कामं पुष्कळदा अशाच कारणांनी सुरू होतात.

शाळेत टीव्ही असे तो बहुधा एकच. उंच लोखंडी पायांच्या, चाकं लावलेल्या गाड्यावर तो ठेवलेला असे, आणि पडद्यावर उजेड पडू नये म्हणून बाजूंना लाकडी दारं असत. दोन मोठी मुलं तो ढकलत आणत, गुरुजी किंवा बाई पडदे ओढून घेत, वर्ग जमिनीवर मांडी घालून बसे. व्हिडिओ रेकॉर्डर शाळांपर्यंत पोचायला अजून अवकाश होता. कार्यक्रम अकरा वाजून पाच मिनिटांनी असेल तर तो अकरा वाजून पाच मिनिटांनीच बघायचा. चुकला तर त्याच आठवड्यातल्या पुनःप्रक्षेपणाची वाट पाहायची. वर्षाचं वेळापत्रक शाळेकडे आधीच आलेलं असे, शिक्षकांसाठीच्या टिपणवह्या आणि मुलांच्या पुस्तिका आगाऊ मागवलेल्या असत. गणिताचा तास टीव्हीसाठी सरकवला जाई, टीव्ही गणितासाठी सरकत नसे.

आणि म्हणून ते मधलं मिनिट आलं. जुने संच दिवे तापल्याशिवाय चित्र दाखवत नसत, शिवाय तीस-पस्तीस मुलं गप्प करायला वेळ लागतोच. तेव्हा कार्यक्रमाआधी पडद्यावर उलटी मोजणी दाखवायची पद्धत पडली. बीबीसीवर 1960पासून एक वर्तुळ दिसे आणि त्याच्या फाका एकामागून एक नाहीशा होत. 1974मध्ये त्याच्या जागी चौकटीच्या आकाराचं चित्र आलं, 1977मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ आलं आणि त्यातले ठिपके एकेक करून विझत गेले. आयटीव्ही या व्यापारी वाहिनीवर घड्याळ होतं. सोबत हलकंफुलकं वाद्यसंगीत, कुणी मुद्दाम ऐकायला घेणार नाही असं. त्या काळी शाळेत असलेल्या ब्रिटिश माणसाला शालेय टीव्हीवर काय शिकवलं हे विचारलं तर तो अडखळतो, पण ठिपके कसे विझायचे ते हातवारे करून दाखवतो. माझ्या मते यात विनोदापेक्षा जास्त काही आहे. धडा मुलागणिक वेगळा पोचत होता. ते मिनिट मात्र देशभरच्या शाळांमध्ये, एका क्षणी, सगळ्यांच्या वाट्याला सारखंच येत होतं.

या कार्यक्रमांना आणखी एक प्रेक्षक होता, तो कुणी मोजला नाही. तापामुळे घरी राहिलेलं पोर. अंगावर पांघरूण, शेजारी पाण्याचा पेला आणि समोर आपल्यापेक्षा मोठ्या मुलांसाठीचा रसायनशास्त्राचा नाहीतर फ्रेंचचा पाठ. पुण्याच्या बालचित्रवाणीचे कार्यक्रम शाळा बुडवून घरी पाहिलेल्यांना ही चोरटी गंमत वेगळी समजावून सांगायला नको. शाळेत असताना कंटाळवाणा वाटणारा पाठ शाळेत नसताना बघायला का आवडतो, याचं उत्तर शिक्षणशास्त्रात शोधू नये.

कार्यक्रमांचा दर्जा सरसकट थोर होता असं म्हणणं म्हणजे आठवणीला खत घालणं होईल. अनेक कार्यक्रमांत पांढऱ्या कोटातला एक गृहस्थ चंचुपात्र हातात धरून सावकाश बोलत असे. पण काही गोष्टी खरोखर धाडसी होत्या. बीबीसीनं 1967मध्ये सुरू केलेलं ‘लुक अँड रीड’ हे सात ते नऊ वर्षांच्या, वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी होतं. त्यांना पुन्हा बाराखडीवर बसवण्याऐवजी निर्मात्यांनी रहस्यकथा दिली. गोष्ट ऐन रंगात आली की थांबे, मध्ये शब्दांचा आणि अक्षरांचा भाग येई, मग गोष्ट पुढे. 1974पासून हा भाग ‘वर्डी’ नावाचं एक तरंगतं नारिंगी मुंडकं सांभाळू लागलं. त्याला धड नव्हतंच. 1971च्या ‘द बॉय फ्रॉम स्पेस’ या मालिकेत मुलांच्या मागे लागणारा एक काटकुळा माणूस होता. वाचनात मागे राहिलेल्या मुलांनी तो पुढे आयुष्यभर लक्षात ठेवला, आणि भीतीमुळे का होईना, पुढचा भाग बघायला वर्ग भरलेला राहिला.

ग्रॅनडा कंपनीचं 1966मध्ये सुरू झालेलं ‘पिक्चर बॉक्स’ तर जगभरचे छोटे चित्रपट दाखवून मुलांना लिहितं करण्यासाठी होतं. हेतू किती सोज्वळ! पण त्याच्या शीर्षकाला वाजणारी धून जाक लाझरी या फ्रेंच संगीतकाराची होती, काचेच्या दांड्यांवर ओली बोटं फिरवून वाजवायच्या वाद्यावरची. ती ऐकून किती मुलं घाबरली असतील याचा हिशेब ग्रॅनडाकडे नसावा. यॉर्कशायर टेलिव्हिजनचं ‘हाऊ वी यूज्ड टू लिव्ह’ 1968पासून जवळजवळ साडेतीन दशकं चाललं. राजेराण्यांना बाजूला ठेवून ते कापडगिरणीच्या मुलखातल्या घरांमधून इतिहास सांगे. चूल, पगार, आजारपण, संप. आणि बीबीसीनं 1970मध्ये प्राथमिक शाळांना मूल कसं जन्मतं ते दाखवलं, तेव्हा खूप ओरड झाली. शिक्षकाला जे फळ्यावर लिहायचा संकोच होता ते काम गाड्यावरच्या पेटीनं केलं.

शाळेचं सत्र संपलं की हे कार्यक्रमही संपत. मग उन्हाळ्याच्या सकाळी बीबीसी मुलांसाठी 1973पासून एक वेगळाच कार्यक्रम लावू लागली. त्याच्या लांबलचक नावाचा मथितार्थ एवढाच की टीव्ही बंद करा आणि बाहेर जाऊन काहीतरी बरं करा. मुलं तो टीव्हीसमोर बसून पाहत. बाहेर जायचं म्हणजे बहुतेकांसाठी एकच ठिकाण होतं, समुद्र.

समुद्राची सुट्टी जन्माला आली ती औषध म्हणून. डॉ. रिचर्ड रसेल यांनी 1750मध्ये ग्रंथींच्या विकारांवर समुद्राचं पाणी गुणकारी असल्याचा लॅटिन प्रबंध लिहिला. ते पाणी अंगावर घ्यायचंच, शिवाय प्यायचंही. त्यांच्यामुळे ब्रायटन हे कोळ्यांचं गाव श्रीमंत आजाऱ्यांचं झालं, आणि पुढे युवराज जॉर्ज यांनी तिथं घुमट-मनोऱ्यांचा तो हिंदुस्थानी थाटाचा राजवाडा उभारला. याच ब्रायटनमध्ये पाटण्याचे शेख दीन महंमद यांनी मालिशचे हमामखाने काढले आणि ते दोन राजांचे मालिशवैद्य झाले. पहिल्या महायुद्धात त्या राजवाड्याचं जखमी हिंदी सैनिकांसाठी रुग्णालय केलं होतं. तिथं मरण पावलेल्या हिंदू आणि शीख जवानांना गावाबाहेरच्या टेकडीवर अग्नी दिला, आणि 1921मध्ये त्या जागी छत्री उभी राहिली. ब्रायटनला जाणाऱ्या मराठी माणसानं किनाऱ्यावर आइस्क्रीम खाल्ल्यावर तासभर काढून ती टेकडी चढावी.

पण गरिबांना समुद्र दाखवला तो डॉक्टरांनी नाही, आगगाडीनं. ब्रायटनला रेल्वे 1841मध्ये पोचली, ब्लॅकपूलला 1846मध्ये. आणि गाडीत बसायला मोकळा दिवस हवा, तो जॉन लबक यांच्या 1871च्या कायद्यानं दिला. बँका बंद ठेवायचे चार दिवस त्यानं ठरवले, आणि बँका बंद म्हणजे हळूहळू बाकीचंही बंद होत गेलं.

लँकाशायरच्या कापडगिरण्यांत याहून मोठी गोष्ट घडत होती. प्रत्येक गावाच्या ग्रामदेवळाची एक जुनी जत्रा असे, तिला वेक्स म्हणत. जत्रेच्या दिवसांत कामगार तसेही कामावर फिरकत नसत, तेव्हा गिरणीमालकांनी शहाणपणा करून त्या आठवड्यात यंत्रंच बंद ठेवायला सुरुवात केली. बॉयलर धुवायचे, पट्टे बदलायचे, दुरुस्त्या उरकायच्या. गाव रिकामं होई. धुराडी थंड पडत, दुकानं मिटत, शाळांनाही त्याच आठवड्यात सुट्टी मिळे. वर्षभर बचत मंडळात शिलिंग टाकून जमवलेले पैसे घेऊन आख्खा मोहल्ला ब्लॅकपूलच्या गाडीत बसे. एका गावचा आठवडा जुलैत तर दुसऱ्याचा ऑगस्टच्या शेवटी, त्यामुळे ब्लॅकपूलच्या खाणावळवाल्यांचा हंगाम लांबत गेला. गंमत अशी की घरापासून पन्नास मैलांवर जाऊनही माणसं शेजारच्याच खुर्चीवर आपला शेजारी बघत. पंढरीच्या वाटेवर आपल्याच गावची दिंडी भेटावी तसं.

ब्लॅकपूलनं या पाहुण्यांसाठी काय केलं नाही! 1879मध्ये समुद्राकाठचा रस्ता विजेच्या दिव्यांनी उजळला, 1885मध्ये विजेवर चालणारी ट्राम आणली, 1894मध्ये 518 फुटांचा मनोरा उभा केला. समुद्रात शिरणारे लोखंडी पूल, म्हणजे पिअर, एक-दोन नाही तर तीन. त्यांच्यावरून कुठंच जाता येत नाही. पाय न भिजवता लाटांवर चालल्याचं सुख, एवढाच त्यांचा उपयोग. वाळूवर गाढवांची रपेट. या गाढवांचे कामाचे तास नगरपालिकेनं ठरवून दिलेले आहेत, जेवणाची सुट्टी आहे आणि शुक्रवार साप्ताहिक सुट्टीचा. गिरणीतल्या माणसाला एवढं मिळायला बराच झगडा करावा लागला होता.

घरी न्यायची वस्तू म्हणजे रॉक, गुलाबी सालीची साखरेची कांडी. ती कुठंही मोडा, आत गावाचं नाव दिसतं. हे लहान अक्षरांचं काम नाही. रंगीत आणि पांढऱ्या साखरेच्या पट्ट्या रचून आधी हातभर लांब, जाडजूड अक्षरं घडवतात. चौकोनी अक्षरं आधी करतात, कारण ती आकार धरून बसतात. गोल अक्षरं शेवटी, नाहीतर ती गरम असताना चपटी होतात. सगळी अक्षरं रचून त्यांचा माणसाच्या कमरेएवढा ओंडका करायचा, वरून गुलाबी साखर गुंडाळायची आणि तो ओढत ओढत बोटाएवढा बारीक करायचा. नाव तेवढ्याच प्रमाणात आक्रसत जातं. हे काम अजून हातानं होतं.

खाणावळवाली बाई मात्र विनोदाचा विषय झाली ती उगाच नाही. न्याहारी झाली की पाहुण्यांनी बाहेर पडायचं आणि जेवणापर्यंत परतायचं नाही. मीठ-मिऱ्याच्या बरण्या वापरल्याचे पैसे बिलात वेगळे लावणाऱ्या बायका होत्या, निदान तसे किस्से तरी घरोघरी होते. पाऊस पडला तर? पाऊस पडतोच. आयरिश समुद्राचं पाणी भर जुलैतही सोळा अंशांच्या आसपास असतं, आणि वारा वेगळा. मग लोखंडी खांबांच्या आसऱ्याखाली थर्मासमधला चहा पीत, वाळू लागलेलं सँडविच चावत कुटुंब बसून राही. वेल्समधल्या बॅरी बेटावर अशी भिजत ताटकळलेली माणसं पाहूनच आपल्याला कल्पना सुचली, असं बिली बटलिन सांगत. 1936मध्ये त्यांनी स्केगनेसला सुट्टीची छावणी काढली. छोट्या खोल्या, तीन वेळचं जेवण, पोहण्याचा तलाव आणि सकाळी ध्वनिक्षेपकावरून सगळ्यांना उठवणारा आवाज. दोनच वर्षांनी, 1938मध्ये, भरपगारी सुट्टीचा कायदा आला. बटलिन यांचं घोडं नेमकं वेळेवर उभं होतं.

या सुट्टीत थोडा चावटपणाही बसत असे. डॉनल्ड मॅकगिल यांची लठ्ठ बायका आणि बारीक नवऱ्यांची पोस्टकार्डं वर्षानुवर्षं किनाऱ्यावर विकली गेली. 1941मध्ये जॉर्ज ऑर्वेल यांनी त्यांच्यावर गंभीर निबंध लिहिला, तर 1954मध्ये लिंकनच्या न्यायालयानं अश्लीलतेबद्दल त्यांना 50 पौंड दंड केला. मला ऑर्वेल यांचा निकाल जास्त पटतो. एक वर्तमानपत्र तर 1927मध्ये समुद्रकिनाऱ्यावर आपला एक माणूस फिरवू लागलं. पेपर हातात धरून त्याला ओळखा आणि बक्षीस मिळवा. शहाणीसुरती माणसं अनोळखी गृहस्थांवर झडप घालत हिंडू लागली.

आता शालेय टीव्ही आणि समुद्राची सुट्टी या दोन्ही गोष्टी मोडल्या कशा ते बघू, कारण मोडण्याची तऱ्हा सारखी आहे. व्लादिमीर राइट्स या तरुणानं 1950मध्ये विमानाचं तिकीट, तंबूतला मुक्काम आणि जेवण एकत्र करून कॉर्सिका बेटाची सहल विकायला काढली, 32 पौंड 10 शिलिंगांना. सरकारी विमान कंपनीचा धंदा बुडू नये म्हणून अधिकाऱ्यांनी अट घातली की या सहलीवर फक्त विद्यार्थी आणि शिक्षक जातील. म्हणजे उन्हाच्या देशात स्वस्तात जाणारी वाट पहिल्यांदा मास्तरांसाठी उघडली. ब्लॅकपूलच्या खाणावळींना तेव्हा त्याची चाहूलही नव्हती. 1966 ते 1970 या काळात परदेशी न्यायच्या चलनावर 50 पौंडांची मर्यादा होती, तरी लोक स्पेनला गेले. तिकडे ऊन हमखास होतं. इकडे रेल्वेचे प्रमुख बीचिंग यांच्या 1963च्या अहवालानंतर किनाऱ्याकडे जाणाऱ्या कितीतरी छोट्या रेल्वे उखडल्या, गिरण्या बंद पडू लागल्या, आणि सगळ्या इंग्लंडच्या शाळांच्या सुट्ट्या एकसारख्या झाल्यावर गावागावाचा वेगळा आठवडा पुसला गेला. गिरणीच नसेल तर गावानं एकदम रिकामं व्हायचं कशासाठी?

शालेय टीव्हीचंही तेच. व्हिडिओ रेकॉर्डर आला आणि अकरा वाजून पाच मिनिटांची सक्ती संपली. शिक्षक सोयीनं थांबवू लागले, मागे नेऊ लागले, नको तो भाग गाळू लागले. शिकवण्याच्या दृष्टीनं हे उघडच चांगलं होतं. पण आता दुपारची वेळ वाहिन्यांना इतर कार्यक्रमांसाठी हवी होती. बीबीसीनं 1983मध्ये शालेय कार्यक्रम आपल्या दुसऱ्या वाहिनीवर ढकलले, आयटीव्हीनं 1987मध्ये चॅनेल फोरवर. पुढे नव्वदच्या दशकात ते रात्री उशिरा दाखवले जाऊ लागले, म्हणजे शाळेतल्या यंत्रानं ते परस्पर नोंदवून ठेवावेत. उलट्या मोजणीची गरज उरली नाही. समोर कुणी बसलेलंच नव्हतं.

दोन्हीकडे माणसाला आपल्या मर्जीनं वागायची मुभा मिळाली, आणि दोन्हीकडे ती माणसांनी आनंदानं घेतली. गारठ्यात बसून भिजलेलं सँडविच खायला परत जा म्हटलं तर कुणी तयार होणार नाही. म्हणून मला हा जुन्या दिवसांचा हळहळीचा सूर पूर्णपणे खरा वाटत नाही. हळहळ चांगल्या गोष्टीची नाही, वाटून घेतलेल्या कंटाळ्याची आहे. सगळ्यांना एकाच वेळी एकच गोष्ट मिळत होती, आणि ती फारशी बरी नव्हती. त्यावर नंतर एकत्र कुरकुरता येई, हसता येई. स्वतः निवडलेल्या गोष्टीवर असं हसायला सोबती सापडत नाही.

कलावंतांनी हे बरोबर हेरलं. मार्टिन पार यांनी 1980च्या दशकात लिव्हरपूलजवळच्या न्यू ब्रायटन किनाऱ्याचे फोटो काढले. कचऱ्याच्या ढिगाशेजारी अंग शेकणारी माणसं, आइस्क्रीम ओघळलेली पोरं. 1986मध्ये ‘द लास्ट रिझॉर्ट’ पुस्तक आलं तेव्हा गरिबांची थट्टा म्हणून त्यांच्यावर टीका झाली. मला त्यांत थट्टेपेक्षा भूक जास्त दिसते, एक दिवस तरी मजा करायचीच अशी. 2015च्या उन्हाळ्यात बँक्सी या चित्रकारानं वेस्टन-सुपर-मेअरच्या बंद पडलेल्या जलतरण तलावावर ‘डिस्मलँड’ नावाची उदास जत्रा भरवली. मोडका परीमहाल, तोंड पाडून उभे असलेले स्वयंसेवक. तिकीट तीन पौंड होतं आणि ते मिळवायला लोकांनी रांगा लावल्या. जत्रा उठल्यावर तिचं लाकूडसामान कॅलेच्या निर्वासितांच्या छावणीत निवारे बांधायला गेलं.

शालेय टीव्हीची नक्कल 2002मध्ये आली. पीटर सेराफिनोविच आणि रॉबर्ट पॉपर यांच्या ‘लुक अराउंड यू’ या मालिकेत पाणी, गंधक, मेंदू अशा विषयांवर संपूर्ण खोटी माहिती अत्यंत गंभीर आवाजात सांगितली जाते, पांढऱ्या कोटातले लोक निरर्थक प्रयोग करतात आणि मधूनच वहीत टिपण काढायला फर्मावतात. सुरुवातीला उलटी मोजणीही आहे. ही थट्टा दाखवली बीबीसीच्याच दुसऱ्या वाहिनीनं, जिच्याकडे 1983मध्ये खरे शालेय कार्यक्रम सोपवले होते.